हरित हॉटेल

हरित हॉटेल : वीज, पाणी आणि इंधन यांचा वापर जिथे मोजून केला जातो, कचरा व सांडपाणी यांची जबाबदारी जिथे शेजाऱ्यावर ढकलली जात नाही आणि मिळकतीचा बरा वाटा ज्या गावात हॉटेल उभे आहे त्या गावात राहतो, अशी निवासव्यवस्था. पंचतारांकित हॉटेलापासून गावातल्या दोन खोल्यांच्या घरगुती मुक्कामापर्यंत कुठलीही जागा या व्याख्येत बसू शकते. मोजमाप नसेल तर बांबूच्या खुर्च्या, तागाचे पडदे आणि स्वागताचे शहाळे ही सगळी सजावट ठरते.

या विचाराची पार्श्वभूमी शाश्वत विकासाच्या चर्चेत आहे. 1987 च्या ब्रुंटलांड अहवालाने ती कल्पना रूढ केली, 2002 मध्ये दक्षिण आफ्रिकेत जबाबदार पर्यटनाविषयीचा केप टाउन जाहीरनामा निघाला आणि 2017 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत पर्यटनाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. सर्वसामान्य प्रवाशाची या विचाराशी पहिली गाठ मात्र न्हाणीघरात पडते. ‘पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा’ अशा अर्थाचे छोटे कार्ड तिथे लावलेले असते. 1983 साली जे वेस्टरवेल्ड या अमेरिकी विद्यार्थ्याने फिजी बेटांवरील एका रिसॉर्टमध्ये असेच कार्ड पाहिले. तो तिथे उतरलेलाही नव्हता, टॉवेल मिळतोय का पाहायला आत शिरला होता! प्रवाळ वाचवण्याचे आवाहन करणाऱ्या त्या रिसॉर्टचा विस्तार त्याच सुमारास चालू होता. या विसंगतीवर त्याने 1986 मध्ये लेख लिहिला आणि पर्यावरणाच्या नावाखाली होणाऱ्या धूळफेकीला ग्रीनवॉशिंग हे नाव मिळाले.

म्हणून ते कार्ड निरुपयोगी आहे असे नाही. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस या संशोधकांनी अमेरिकेतील एका हॉटेलात केलेला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. नुसते पर्यावरणाचे आवाहन वाचून सुमारे 35 टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला. ‘बहुतेक पाहुणे असेच करतात’ असे लिहिल्यावर हे प्रमाण 44 टक्क्यांवर गेले, आणि ‘याच खोलीत राहिलेले बहुतेक पाहुणे’ असे म्हटल्यावर 49 टक्क्यांवर. धुलाईचे पाणी, साबण आणि वीज यातून खरोखर वाचते. मात्र त्यात हॉटेलाचाही खर्च वाचतो, आणि ते कार्डावर सहसा लिहिलेले नसते.

भारतातील सुरुवात. मुंबईत विलेपार्ले येथे देशांतर्गत विमानतळाला लागून विठ्ठल कामत यांनी उभारलेले ‘ऑर्किड’ हे हॉटेल 1997 मध्ये सुरू झाले. पर्यावरणस्नेही हॉटेलांना दिले जाणारे इकोटेल प्रमाणपत्र मिळवणारे ते आशियातील पहिले पंचतारांकित हॉटेल. (कामतांच्या ‘इडली, ऑर्किड आणि मी’ या आत्मकथनामुळे मराठी वाचकाला हे नाव हॉटेलात पाऊल न टाकताही ठाऊक असते.) सांडपाणी शुद्ध करून ते वातानुकूलनासाठी आणि बागेसाठी वापरणे ही तिथली एक व्यवस्था. दुसरी व्यवस्था पाहुण्याच्या हाताशी ठेवलेली होती. खोलीतले हिरवे बटण दाबले की तापमान दोन अंशांनी वर जायचे. विजेवर एवढ्याशा बटणाने काय फरक पडणार, हा प्रश्न साहजिक आहे. पण ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशेबाने एसीचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे 6 टक्के वीज वाचते. भारतात तारांकित एसी 2020 पासून 24 अंशांवर लावूनच विकले जातात, तेही याच कारणाने. दुपारी बाहेर फिरायला जाताना खोली 18 अंशांवर गार ठेवून जाणाऱ्या पाहुण्यापुढे छतावरच्या सौरपट्ट्याही हतबल असतात.

प्रमाणपत्रे. शिक्क्यांची या क्षेत्रात गर्दी आहे आणि सगळे एका मोलाचे नाहीत. इकोटेलमध्ये पर्यावरणविषयक बांधिलकी, घनकचरा, ऊर्जा, पाणी, तसेच कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण व समाजसहभाग अशा पाच बाजू तपासल्या जातात. 1994 मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालेला ‘ग्रीन की’ हा शिक्का आता समुद्रकिनाऱ्यांना ‘ब्ल्यू फ्लॅग’ देणारी संस्थाच चालवते. जागतिक शाश्वत पर्यटन परिषद ही स्वतः कोणत्याही हॉटेलाला प्रमाणपत्र देत नाही. ती निकष ठरवते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांना मान्यता देते. त्यामुळे या परिषदेने आपल्याला प्रमाणित केले, असे एखादे हॉटेल सांगू लागले तर तिथेच शंका घ्यावी. लीड किंवा भारतीय हरित इमारत परिषदेचे मानांकन हे मुख्यतः इमारतीचे असते. भिंती, काचा, यंत्रणा उत्तम असूनही रोजच्या बुफेतले निम्मे अन्न फेकले जात असेल तर ते त्या मानांकनावरून कळत नाही.

आरक्षणाच्या संकेतस्थळांनी स्वतः काढलेल्या श्रेणींवर तर फारच कमी भिस्त ठेवावी. बुकिंग डॉट कॉमने हॉटेलांना हिरव्या पानांच्या खुणा देणारा कार्यक्रम चालवला होता. तो दिशाभूल करणारा ठरू शकतो, असे नेदरलँड्सच्या ग्राहक व बाजार प्राधिकरणाने कळवल्यावर कंपनीने 2024 मध्ये तो बंद केला.

कागदी स्ट्रॉ आणि लाकडी चमचे हा आणखी एक लाडका पुरावा. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ, चमचे, ताटल्या व पेले यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे, महाराष्ट्राने तर बंदीची सुरुवात 2018 मध्येच केली होती. कायदा पाळला एवढ्यासाठी हॉटेलाला हरित म्हणायचे कारण नाही. पाण्याच्या बाटलीचे तसे नाही. ती या देशव्यापी बंदीत नाही, म्हणूनच खोलीत काचेची सुरई किंवा तांब्या-भांडे आणि मजल्यावर गाळलेल्या पाण्याची सोय दिसली तर ती हॉटेलाची स्वतःची निवड समजावी.

पाणी आणि सांडपाणी. किनाऱ्यावरच्या हॉटेलाची खरी परीक्षा इथे होते, आणि माहितीपत्रकात नेमका हाच भाग गाळलेला असतो. कोकण आणि गोव्यात पाऊस भरपूर पडतो, पण तो चार महिन्यांत पडून वाहून जातो. पर्यटकांची गर्दी मात्र डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे विहिरी खाली जात असताना होते. अशा वेळी रिसॉर्टचा पोहण्याचा तलाव आणि हिरवळ राखायला टँकर येतो. तो कुठल्या तरी विहिरीवरच भरलेला असतो, आणि ती विहीर बहुधा हॉटेलाची नसते. वाळूच्या जमिनीत किनाऱ्यालगत उपसा वाढला की गोड्या पाण्यात खारे पाणी शिरते, आणि एकदा मचूळ झालेली विहीर सहजासहजी सुधारत नाही. सांडपाण्याचा प्रश्नही असाच आहे. सच्छिद्र जमिनीत गळका सेप्टिक टँक शेजारच्या विहिरीत झिरपतो. शुद्धीकरण प्रकल्प बांधलेला असला तरी विजेचे बिल वाचवायला तो बंद ठेवला जात असेल तर त्याचा उपयोग शून्य. किनारी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना 1991 मध्ये निघाली, तेव्हापासून भरतीरेषेजवळच्या बांधकामावर निर्बंध आहेत. ‘लाटा अगदी पायाशी’ अशी जाहिरात दिसली की ते बांधकाम कोणत्या परवानगीने उभे आहे हा विचार मनात यायला हवा.

पैसा कुठे राहतो. केरळमधील कुमारकोम येथे 2008 पासून राबवलेल्या जबाबदार पर्यटनाच्या उपक्रमात हॉटेलांनी भाजीपाला कुडुंबश्रीच्या महिला गटांकडून घ्यावा अशी योजना केली गेली. महाराष्ट्रातले उदाहरण मंडणगड तालुक्यातील वेळास या गावाचे. नाना फडणविसांचे गाव म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. पूर्वी ती अंडी चोरीला जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन संरक्षणाचे काम सुरू केले. अंडी कुंपणाच्या आत हलवायची, साधारण पन्नास दिवसांनी पिल्ले वर आली की सकाळी आणि संध्याकाळी ती वाळूवर सोडायची आणि पाहुण्यांनी दोरीच्या अलीकडे थांबायचे, अशी पद्धत बसली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांची सोय गावातल्या घरांतच होऊ लागली. जेवणही घरचेच. कासव जगले तर घरात पाहुणा येतो, हा सरळ व्यवहार गावाला पटला. कोणत्याही हिरव्या शिक्क्याशिवाय चाललेली ही व्यवस्था कित्येक शिक्केवाल्या रिसॉर्टपेक्षा सरस आहे.

महाराष्ट्राची निवास व न्याहारी योजना आणि 2020 चे कृषी पर्यटन धोरण यांचाही रोख घरमालक-शेतकऱ्याकडे आहे. पण शेताच्या मधोमध मोठा तलाव आणि रात्री डीजे असेल तर ‘कृषी’ फक्त पाटीवर उरते. रात्रीचा प्रकाश हीदेखील दुर्लक्षित बाब आहे. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा, म्हणजे रात्रीचा काळोख जपणाऱ्या उद्यानाचा, दर्जा मिळाला. जंगलाच्या कडेला रात्रभर दिव्यांची रोषणाई करणाऱ्या रिसॉर्टला स्वतःला निसर्गस्नेही म्हणवणे यानंतर तरी जड जावे.

प्रवास. हॉटेल कितीही हरित असले तरी सहलीतल्या कार्बनचा मोठा हिस्सा अनेकदा तिथे पोचण्यातच खर्ची पडतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासाने जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात पर्यटनाचा वाटा सुमारे 8 टक्के धरला. विमानाच्या उड्डाणात आणि चढाईत इंधन अधिक जळते, म्हणून मुंबई–गोव्यासारखा छोटा हवाई प्रवास किलोमीटरच्या हिशेबाने विशेष महाग पडतो. कोकण रेल्वेच्या रोहा ते ठोकूर मार्गाचे विद्युतीकरण 2022 मध्ये पूर्ण झाले. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाची असली तरी भरलेल्या रेल्वेतला माणशी भार विमानापेक्षा बराच कमी असतो. एसटीलाही हेच लागू. चार शनिवार-रविवार चार वेळा गाडी काढण्याऐवजी एकदा जाऊन आठवडाभर राहणे पर्यावरणाला परवडते, आणि गावातल्या दुकानदारालाही.

माथेरानने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे प्रवेश नाही. 1907 मध्ये सुरू झालेली नेरळची छोटी गाडी, घोडा, हातरिक्षा आणि पायपीट यांवरच हे गाव चालत आले, 2003 मध्ये ते पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाले. मात्र मोटारबंदीचे ओझे माणसाच्या खांद्यावर पडत होते. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षांची सोय करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये सांगितले. धूर नाही एवढ्यावर प्रवास जबाबदार ठरत नाही.

निवड आणि दाद. आरक्षणापूर्वी फोनवर विचारण्याजोगे प्रश्न मोजके आहेत : पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, ओल्या कचऱ्याचे काय होते, कामावर गावातली किती माणसे आहेत, शिक्का असेल तर तो कोणाचा आणि कधीपर्यंतचा. काम खरोखर चालू असेल तिथला व्यवस्थापक ही उत्तरे चटकन देतो. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली असून, ‘इको-फ्रेंडली’ किंवा ‘ग्रीन’ असा दावा करणाऱ्याने त्याला पुरावा देणे अपेक्षित आहे. पुराव्याशिवाय असा दावा करणाऱ्या हॉटेलाविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.