गिरदीची बखर

गादीला इतिहास असतो हे आपण शाळेतच शिकलो. सातारची गादी, कोल्हापूरची गादी. दत्तक कोण आला, १८४८ साली डलहौसीने सातारची गादी कशी गुंडाळली, हे सगळं परीक्षेला यायचं. पण त्या गादीत कापूस कुठला होता, खोळ कुणी शिवली, बसणाऱ्याला ढेकूण चावत होते का, याविषयी इतिहासकार अवाक्षर काढत नाहीत. राजेरजवाड्यांचं राहू द्या, आमच्या घरच्या गिरदीची तरी बखर कुणीतरी लिहायला हवी.

गिरदी म्हणजे काय, हे हल्लीच्या पोरांना समजावून सांगावं लागतं. फारसीत ‘गिर्द’ म्हणजे गोल. त्यावरून ही गोल उशी. आमचा धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे बसण्याच्या बाबतीत आमची भाषा भारीच ऐसपैस. मसनद, तक्क्या, गिरदी ही सगळी मंडळी फारसी-अरबीतून आलेली. खुर्चीसुद्धा मूळची अरबी. पाट तेवढा देशी, आणि त्याला गादी नसते यातच काय ते आलं.

आमची गिरदी आजीची. सोळा इंच व्यास, चार इंच जाडी, सागवानी स्टुलावर कायमची मांड ठोकलेली. यंदा तिची शिवण सुटली आणि घरात दोन पक्ष पडले. मुलगा म्हणाला, “बाबा, टाकून द्या ती. फोमची आणतो.” हा फोम ज्या पॉलियुरेथेनचा, ते १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर नावाच्या शास्त्रज्ञाने शोधलं. जर्मन रसायनशास्त्राबद्दल मला आदर आहे. पण फोम एकदा बसला की बसला. कापूस पिंजला की पुन्हा उठतो. हा मुद्दा कुणी ऐकेना, तेव्हा मी थेट तुळजापूरची साक्ष काढली.

तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा तिला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. नवरात्राआधी घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा, आणि शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. दसऱ्याचा पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात घडतो आणि नगरमार्गे वाजतगाजत येतो. पण मला सांगायचंय ते गाद्यांचं. घोरनिद्रेआधी देवीच्या गाद्यांचा कापूस पिंजून गाद्या नव्याने भरतात, आणि पिंजण्याचा मान तिथल्या मुसलमान पिंजारी घराण्याचा आहे. मी म्हटलं, “साक्षात भवानी कापसावर निजते आणि तुमच्या ढुंगणांना फोम लागतो?” सौ. म्हणाली, “नातवासमोर जरा शब्द जपून.” पण ठराव पास झाला.

उसवायला घेतली तेव्हा कळलं, की पंचाहत्तर वर्षांत खोळीवर खोळ चढत गेली होती, आत कुणी शिरलंच नव्हतं. वर रेक्झिन, त्याखाली टेरिकॉट, त्याखाली छीट, आणि तळाशी जाडंभरडं पांढरं कापड. आमच्या गावाचंही असंच. धाराशिवचं उस्मानाबाद झालं, २०२३ साली उस्मानाबादचं पुन्हा धाराशिव झालं, स्टँडवर एस.टी.ची वाट बघणारे आम्ही तेच.

नव्या खोळीचं कापड सौ.ने सुरतेचं आणलं. आमच्या जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातला एक अनाम ग्रीक व्यापारी ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात लिहून गेलाय, की तगरहून साधं कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचला जाते. म्हणजे तेव्हा आम्ही गुजरातला कापड पुरवत होतो. एकोणीसशे वर्षांत गाड्यांची दिशा तेवढी उलटली.

गोल खोळीला दोन चकत्या आणि मध्ये एक पट्टी लागते. पट्टी किती लांब? नातू मोबाईल काढू लागला. मी त्याला भास्कराचार्यांची ‘लीलावती’ सांगितली. ११५० सालचा ग्रंथ, पण व्यासाला ३९२७ ने गुणा आणि १२५० ने भागा, असा चोख हिशेब. सोळा इंचांना सव्वापन्नासच्या किंचित वर आले. तोवर सौ.ने गिरदीभोवती सुतळी गुंडाळून टेपवर धरली होती. “सव्वापन्नास,” ती म्हणाली, “आणि इंचभर शिलाईला.” भास्कराचार्यांनी शिलाई धरली नव्हती.

आता आजीचं. रझाकारांच्या धास्तीने १९४८ साली आमच्या भागातली कितीतरी माणसं हद्द ओलांडून बार्शीकडे गेली. बार्शी तेव्हा हिंदुस्थानात आणि आम्ही निजामात. आजी सांगायची, की दोन लेकरं, एक घागर आणि ही गिरदी घेऊन ती बैलगाडीने गेली, पुतळ्यांची माळ गिरदीत शिवून. सप्टेंबरातल्या पोलीस ॲक्शननंतर परत आली, माळ काढून विकली आणि पडलेलं घर उभं केलं. काका मात्र हसण्यावारी न्यायचे. “कसली बार्शी अन् कसली माळ! चार रात्री कडब्याच्या गंजीत काढल्या, बस्स.” आजी यावर काही बोलायची नाही. गिरदीवर बसून शेंगा सोलत राहायची.

कापूस परातीत काढताना सौ.च्या हाताला मधोमध गाठ लागली. लाल दोऱ्याने शिवलेली कापडी पुरचुंडी, एका बाजूने उसवून पुन्हा टाके घातलेली. आत माळ नव्हती. एक भोकाचा तांब्याचा पैसा होता, १९४३चा, इंग्रजी राज्याचा. आमच्याकडे चालायचा तो निजामाचा हाली सिक्का. काका असते तर म्हणाले असते, कलदार पैसा इकडेही यायचा, त्याने काय सिद्ध होतं? काका गेले, त्याला दहा वर्षं झाली. मी पैसा हातात घेऊन बराच वेळ बसलो.

“रिकामी पुरचुंडी कुणी ठेवत नाही,” सौ. म्हणाली, “म्हणून घातला असेल.”

पूर्वी नदाफ खांद्यावर पिंजण घेऊन दारी यायचे, तारेच्या ‘ट्यँव ट्यँव’वरून अख्ख्या आळीला कळायचं. आता यंत्रावर पिंजून आणला. किलोभर कापूस फुगून दोन गिरद्यांचा वाटायला लागला. गोलाईच्या शिवणीला जागोजागी कात्रे द्यावे लागतात, नाहीतर चुण्या पडतात; तेही तिने दिले. पुरचुंडी पैशासकट मधोमध ठेवली, वरून कापूस दाबला आणि मला दाभण धरायला बसवलं. नातू हल्ली त्या स्टुलावर बसताना आधी जरा चाचपून बघतो.