गावात सीसीटीव्ही आणि स्मार्ट उपकरणांचा व्यवसाय कसा सुरू करावा?

वरवे बुद्रुक (ता. भोर) : पुणे-सातारा महामार्गालगत वरवे, नसरापूर, कापूरहोळ या पट्ट्यात हॉटेलं, गोडाऊन, दुकानं आहेत. आत वेल्ह्याकडे वळलं की पुणेकरांची फार्महाऊस. कॅमेऱ्याला गिऱ्हाईक शोधत लांब जावं लागत नाही.

पण नुसता डबा विकून फारसं काही उरत नाही. गिऱ्हाईक ऑनलाइन भाव बघूनच दुकानात येतं. पैसा आहे तो जोडणी, वायरिंग आणि वर्षाच्या देखभाल करारात. पावसात कॅमेरा बंद पडला आणि गावातला पोरगा तासाभरात आला, तर पुढची चार कामं त्यालाच मिळतात.

काम शिकण्यासाठी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत (आरसेटी) सीसीटीव्ही जोडणीचा १३ दिवसांचा मोफत कोर्स असतो. उद्यम नोंदणीही मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नयेत. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत, तर किशोर गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. नुसती मालाची विक्री असेल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. जोडणीची मजुरीही घेत असाल तर ही मर्यादा २० लाख धरावी.

माल पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळतो. सुरुवातीला माल भरून ठेवू नये, ऑर्डर आली की आणावा. ९ एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेची तपासणी बंधनकारक झाली आहे. त्यामुळे बीआयएस नोंदणी क्रमांक नसलेला स्वस्त माल घेऊ नये.

गिऱ्हाईकाचा पहिला प्रश्न असतो, "रेकॉर्डिंग किती दिवस राहतं?" हिशोब सोपा आहे. २ एमबीपीएसवर चालणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे २१ जीबी जागा खातो. चार कॅमेरे असतील तर १ टीबीची हार्ड डिस्क ११ दिवसांत भरते, मग जुनं पुसून नवं चढतं. महिनाभराचं रेकॉर्डिंग हवं असेल तर मोठी डिस्क लागते, हे आधीच सांगावं, नाहीतर नंतर भांडण ठरलेलं. लॅन केबल १०० मीटरपुढे ओढू नये. शेतातल्या मोटारीसाठी सोलर आणि सिमकार्डवाला कॅमेरा बरा, पण तो हालचाल झाली तरच रेकॉर्ड करेल असा लावावा, नाहीतर सिमचा डेटा दुपारपर्यंतच संपतो. रेंज नसेल तिथे तो विकूच नये. भोरच्या पावसात सांध्यात पाणी जातं, म्हणून प्रत्येक जोड बंद डबीत घ्यावा.

स्मार्ट बल्ब, बेल यांना गावात उठाव कमी. मोटारीच्या मोबाईल स्टार्टरला मात्र शेतकरी स्वतःहून विचारतात.

या धंद्यात सगळ्यात जपायची गोष्ट म्हणजे पासवर्ड. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातील महिलांचं चित्रीकरण बाहेर विकलं गेल्याचं उघड झालं. तपासात सोपे, कंपनीचेच पासवर्ड तसेच राहिल्याचं समोर आलं. त्या प्रकरणात महाराष्ट्रातूनही अटक झाली. म्हणून जोडणी झाली की मालकाच्या हातूनच नवा पासवर्ड टाकून घ्यावा, त्यावेळी आपण तोंड फिरवावं आणि आपल्या मोबाईलमधून त्याचा कॅमेरा त्याच्यासमोरच काढून टाकावा. शेजाऱ्याच्या अंगणाकडे किंवा न्हाणीकडे तोंड करून कॅमेरा लाव, असं कोणी म्हणालं तर ते काम सोडून द्यावं.