आधी वसतिगृह, मग कॉलेज

दीक्षाभूमीला गेलं की नजर थेट स्तूपाकडे जाते. शेजारच्या डॉ. आंबेडकर महाविद्यालयाकडे फारसं कुणी बघत नाही. मीही कित्येकदा तसाच पुढे गेलोय. हे कॉलेज १९६४ सालचं. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या 'ऐतिहासिक कृष्णवर्णीय कॉलेजां'ची कायदेशीर व्याख्याही १९६४ पाशीच थांबते! १९६५ च्या कायद्याप्रमाणे, त्याआधी मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी निघालेल्या संस्थाच त्यात बसतात. आज त्या शंभराच्या आसपास आहेत.

त्यांचे प्रकारही आहेत बरं का. फिस्क (१८६६) मिशनऱ्यांनी काढलं. विल्बरफोर्स १८६३ मध्ये कृष्णवर्णीयांच्याच चर्चने विकत घेतलं. टस्कीगीत (१८८१) शिक्षक घडवायचे आणि हाताला कसबही द्यायचं. स्पेलमन मुलींसाठी. शिवाय १८९० च्या कायद्याने दक्षिणेतल्या राज्यांना सांगितलं, की एकतर सगळ्यांना प्रवेश द्या, नाहीतर वेगळी सोय करा. राज्यांनी वेगळी सोय केली, त्यातून सरकारी कॉलेजं आली.

मग आपल्याकडे काय? मी शोधायला बसलो, तर सुरुवातीला कॉलेज सापडेचना. सापडली ती शाळा आणि वसतिगृहं. नागपुरात किसन फागूजी बनसोडे आणि पुढे जाईबाई चौधरी यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींच्या शाळा काढल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळात १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघालं. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढलं.

आधी वसतिगृहच का? कारण आपल्याकडचं कुलूप वेगळ्या दाराला होतं. कॉलेजात प्रवेश मिळू शकत होता. खुद्द बाबासाहेब १९१२ साली एल्फिन्स्टनमधून बी. ए. झाले. पण कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेल्या याच माणसाला १९१७ मध्ये बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. तिथे ही गत, तर खेड्यातून आलेल्या पोराला शहरात कोण ठेवून घेणार? कुणाच्या खाणावळीत तो जेवणार?

कॉलेजं नंतर आली. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचं सिद्धार्थ, १९५० मध्ये औरंगाबादचं मिलिंद. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरायचे, म्हणजे पोरांना दिवसभर नोकरी करता यायची. नावंही बघा. धम्मदीक्षा १९५६ ची, पण बुद्ध आणि नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा मिलिंद आधीच कॉलेजांच्या पाटीवर आले होते! आणि ही कॉलेजं सगळ्यांना खुली होती, तिकडचं हॉवर्डही सुरुवातीपासून तसंच होतं. वेगळेपण कुणाला बाहेर ठेवण्यात नव्हतं, कुणाची आधी काळजी घ्यायची यात होतं.

आपण अजूनही शिक्षणातल्या जागांवरच तावातावाने भांडतो. पण मराठीत 'जागा' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक यादीत मिळते, दुसरी राहायला लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना दुसरीचं मोल नीट कळलं होतं. पुढच्या वेळी दीक्षाभूमीला गेलात, तर स्तूपानंतर दोन मिनिटं त्या कॉलेजकडेही बघा. त्याच्या पायाखाली कितीतरी वसतिगृहं आहेत.