स्पेनचे यादवी युद्ध : क्षमेचा कायदा आणि स्मृतीचा हक्क

स्पेनच्या आधुनिक इतिहासात १५ ऑक्टोबर ही तारीख दोनदा लक्षात राहण्यासारखी आहे. १९४० साली या दिवशी बार्सिलोनाच्या मोंज्यूईक किल्ल्यात लुईस कुम्पान्यस यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. कुम्पान्यस हे कातालोनियाच्या स्वायत्त शासनाचे अध्यक्ष. पेशाने ते वकील होते आणि कामगारांचे खटले चालवता चालवता राजकारणात आले होते. पुढे ३७ वर्षांनी, १९७७ साली, हीच तारीख स्पेनच्या सर्वमाफीच्या कायद्यावर पडली. पहिल्या घटनेत न्यायासनाचा वापर सूडासाठी झाला. दुसऱ्या घटनेत न्यायासनाचे दार सन्मानपूर्वक बंद करण्यात आले. या दोन तारखांच्या मध्ये जे घडले आणि नंतर जे उकरून काढावे लागले, त्याचा विचार भाषेच्या प्रश्नाशी ज्यांचा संबंध आहे अशा प्रत्येकाने करावा, असे आम्हांस वाटते. स्पेनमध्ये भाषा, नाव, दस्तऐवज आणि कबर ही चारही एकाच सत्तेने एकाच काळात हिरावून घेतली होती आणि ती परत मिळवण्याची लढाई अद्याप संपलेली नाही.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९३१ साली स्पेनमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. १९३२ साली कातालोनियास स्वायत्ततेची सनद मिळाली. १९३६च्या जूनमध्ये गालिसियाने आपल्या सनदेस सार्वमताने कौल दिला. परंतु जुलैच्या १७ आणि १८ तारखांना सेनापतींनी निर्वाचित शासनाविरुद्ध बंड पुकारले आणि गालिसियाची सनद कागदावरच राहिली. बास्क प्रदेशास सनद मिळाली ती त्याच वर्षी ऑक्टोबरात, म्हणजे युद्ध पेटल्यानंतर. १ एप्रिल १९३९ रोजी जनरल फ्रँको यांनी विजय घोषित केला. २० नोव्हेंबर १९७५ रोजी मृत्यू येईपर्यंत सत्ता त्यांच्याच हाती होती.

अत्याचार दोन्ही बाजूंनी झाले, हे प्रारंभीच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. प्रजासत्ताकाच्या ताब्यातील प्रदेशात सुमारे ७,००० धर्मगुरू, भिक्षू व जोगिणी मारल्या गेल्या. १९३६च्या नोव्हेंबरात माद्रिदजवळ पाराकुएय्योस येथे कैद्यांची सामूहिक हत्या झाली. इतिहासकार पॉल प्रेस्टन यांच्या अंदाजाप्रमाणे रणांगणाबाहेर एकूण सुमारे २,००,००० माणसे मारली गेली आणि त्यांतील बहुसंख्य बंडखोरांच्या हातून. युद्ध संपल्यावरही सुमारे २०,००० प्रजासत्ताकवाद्यांना मृत्युदंड देण्यात आला. मृतांना मिळालेली वागणूक मात्र एकसारखी नव्हती. विजयी पक्षाच्या मृतांचे अवशेष शोधले गेले, त्यांची नावे चर्चच्या भिंतींवर कोरली गेली, त्यांच्या मृत्यूची शासकीय चौकशी झाली. पराभूतांचे मृत मात्र रस्त्याकडेच्या चरांत राहिले. त्यांच्या विधवांना उघडपणे शोकही करता येत नव्हता.

आमच्या व्यवसायास हादरा देणारी गोष्ट अशी की, हे सारे पुष्कळ अंशी कायद्याच्या भाषेत करण्यात आले. ज्यांनी निर्वाचित शासनाविरुद्ध शस्त्र उचलले, त्यांनीच शासनाशी एकनिष्ठ राहिलेल्यांवर ‘लष्करी बंडा’चा आरोप ठेवून त्यांना शिक्षा दिल्या. फ्रँको यांचे मेहुणे आणि मंत्री सेरानो सुन्येर यांनी पुढे वार्धक्यात या प्रकारास उलटा न्याय असे म्हटले. कुम्पान्यस यांच्यावरील आरोपही हाच होता. फ्रान्समध्ये आश्रयास असताना १९४०च्या ऑगस्टमध्ये जर्मनांनी त्यांना पकडून फ्रँको यांच्या हवाली केले आणि लष्करी न्यायालयाने त्यांची सुनावणी झटपट उरकली. ९ फेब्रुवारी १९३९ च्या ‘राजकीय उत्तरदायित्वा’च्या कायद्याने तर १ ऑक्टोबर १९३४ पासूनच्या कृत्यांना पूर्वलक्षी प्रभावाने दंडनीय ठरवले. जे कृत्य घडले तेव्हा गुन्हा नव्हते, त्याबद्दल शिक्षा देऊ नये, हे दंडविधीचे मूळ तत्त्व. ते येथे उघडपणे मोडले गेले.

भाषेवरील घाव युद्ध चालू असतानाच पडू लागले. १९३७च्या जूनमध्ये बिस्काया आणि गिपुस्कोआ या दोन बास्क प्रांतांचे परंपरागत आर्थिक हक्क, त्या प्रांतांना द्रोही ठरवून, काढून घेण्यात आले. ५ एप्रिल १९३८ रोजी, लेइदा शहर फ्रँको यांच्या सैन्याच्या हाती पडताच, कातालोनियाची सनद रद्द झाली. त्याच वर्षी मे महिन्यात जन्मनोंदणीविषयी आदेश निघाला आणि मुलांची नावे कास्तेलियन रूपातच नोंदवण्याचे बंधन आले. घरात ‘जोर्दी’ म्हणून हाक मारला जाणारा मुलगा कागदोपत्री ‘होर्खे’ झाला. बास्क प्रदेशात काही ठिकाणी थडग्यांवरील बास्क नावेही खोडण्यात आली. शाळा, न्यायालये, कचेऱ्या यांतून या भाषा हद्दपार झाल्या. जिवंत माणसाचे नाव बदलणारी आणि मृताचे नाव खोडणारी सत्ता एकच होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

मात्र या युद्धास भाषा विरुद्ध भाषा असे रूप देणे सत्यास धरून होणार नाही. कातालोनियातील अनेक धनिक घराण्यांनी फ्रँको यांना साथ दिली. उलट कास्तेलियन बोलणारे माद्रिद शहर जवळजवळ अडीच वर्षे वेढ्यात झुंजत राहिले. कास्तेलियन भाषेचे थोर कवी आंतोनिओ माचादो सरहद्द ओलांडून फ्रान्समधील कोलिऊर या गावी निर्वासित अवस्थेत २२ फेब्रुवारी १९३९ रोजी वारले. १९३६च्या ऑगस्टमध्ये ग्रानादाजवळ मारले गेलेले फेदेरिको गार्सिया लोर्का हेही त्याच भाषेचे कवी. त्यांचे अवशेष आजवर सापडलेले नाहीत. दडपशाहीची भाषा कास्तेलियन होती, परंतु दडपले गेलेल्यांचीही एक भाषा कास्तेलियनच होती. भाषेच्या चळवळीत काम करणाऱ्यांनी हा विवेक सोडू नये.

भाषा टिकल्या त्या प्रथम घरांत. सान सेबास्तियान येथे एल्बिरा सिपित्रिया या शिक्षिकेने १९४०च्या दशकात राहत्या घरात मुलांना बास्क भाषेतून शिकवण्यास आरंभ केला. पुढील बास्क शाळांचे मूळ अशा घरगुती वर्गांत आहे. कातालोनियात मोंतसेरातच्या मठाने धर्मसंस्थेच्या छत्राखाली १९५९ पासून ‘सेर्रा दोर’ हे कातालान नियतकालिक चालवले. दस्तऐवजांचे मात्र तसे नव्हते. कातालोनिया जिंकल्यावर संस्था, पक्ष, संघटना आणि खासगी व्यक्ती यांची कागदपत्रे जप्त करून सालामांका शहरी नेण्यात आली. हेतू ज्ञानाचा नव्हता. कोणावर खटला भरायचा हे ठरवण्यासाठी त्या कागदांतून नावे काढली जात. लोकशाही आल्यावरही ते कागद तेथेच राहिले. २००५ साली कायदा झाला आणि २००६च्या जानेवारीत पहिल्या पेट्या कातालोनियाकडे निघाल्या. सालामांकात त्याविरुद्ध मोठी निदर्शने झाली होती. कागद मूळ मालकाकडे परत जाण्यास सहा दशकांहून अधिक काळ लागला, हे एवढे एकच वाक्य पुष्कळ काही सांगून जाते.

आता १९७७च्या कायद्याकडे वळू. आज त्यास दोष देणे सोपे आहे. तेव्हा सर्वमाफीची मागणी रस्त्यावर उतरून करणारे लोक डावे, कातालान आणि बास्क होते, कारण तुरुंगांत त्यांचीच माणसे होती. फ्रँको यांच्या तुरुंगात वर्षे काढलेले कम्युनिस्ट कामगार नेते मार्सेलिनो कामाचो यांनी संसदेत या कायद्याच्या बाजूने भाषण केले. मृतांना आणि वैरांना मूठमाती देऊन पुढे जाण्याची त्यांची इच्छा प्रामाणिक होती, यात आम्हांस शंका नाही. लष्कर जुनेच होते आणि पुन्हा यादवी होण्याची भीती खरी होती. १९८१च्या फेब्रुवारीत संसदेत शिरलेल्या सशस्त्र तुकडीने ती सिद्धही केली. परंतु त्याच कायद्याच्या दुसऱ्या कलमात, दडपशाही करणाऱ्या अधिकाऱ्यांचे आणि पोलिसांचे गुन्हेही माफीत आले. कैद्यांच्या सुटकेसाठी मागितलेला कायदा छळ करणाऱ्यांचीही ढाल झाला.

आमच्या मते खरी गफलत येथे झाली. शिक्षा माफ करणे हा एक अधिकार आहे. काय घडले हे जाणण्याचा वारसांचा हक्क संपुष्टात आणणे ही अगदी निराळी गोष्ट आहे. शिक्षा माफ करणे राज्याच्या हाती असू शकते. वडिलांची कबर कोठे आहे हे विचारण्याचा मुलीचा हक्क माफ करणे राज्याच्या हाती नाही, कारण तो हक्क राज्याचा कधी नव्हताच. स्पेनमध्ये या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या गेल्या.

गाठ सुटू लागली ती २००० साली. प्रियारान्सा देल बिएर्सो या गावी पत्रकार एमिलिओ सिल्वा यांनी आपल्या आजोबांचा शोध घेत १३ जणांची कबर शास्त्रीय पद्धतीने उघडवली. त्यांतून ‘ऐतिहासिक स्मृती’ची चळवळ उभी राहिली. तिचा परिणाम म्हणून २००७च्या डिसेंबरात झालेल्या कायद्याने फ्रँकोकालीन राजकीय न्यायालये आणि त्यांचे निवाडे अन्याय्य व वैधतारहित असल्याचे जाहीर केले, परंतु ते रद्दबातल केले नाहीत. सामान्य वाचकास हा शब्दच्छल वाटेल. वकिलास तसे वाटणार नाही. निवाडा नैतिकदृष्ट्या निंद्य ठरला तरी जोवर तो रद्द होत नाही तोवर तो दप्तरी उभाच असतो, आणि कुम्पान्यस कागदोपत्री गुन्हेगारच राहतात.

न्यायाधीश बाल्तासार गार्सोन यांनी २००८ साली १,१४,२२६ बेपत्ता व्यक्तींची संख्या नोंदवून चौकशी आरंभली. त्याबद्दल त्यांच्यावरच अधिकारातिक्रमणाचा खटला चालला. २०१२च्या फेब्रुवारीत त्या आरोपातून ते निर्दोष सुटले. मात्र दुसऱ्या एका प्रकरणात त्यांना न्यायाधीशपद गमवावे लागले. दरम्यान वारसांनी २०१० साली समुद्रापार आर्जेन्टिनाच्या न्यायालयात दाद मागितली होती. १९३९च्या नोव्हेंबरात ग्वादालाहारा येथे गोळ्या घातलेल्या तिमोतेओ मेंदिएता यांच्या अवशेषांसाठी या आर्जेन्टिनी न्यायालयाच्या विनंतीवरून २०१६ साली उत्खनन सुरू झाले. २०१७ साली त्यांच्या अवशेषांची ओळख पटली. त्यांची कन्या आसेन्सिओन हिने वयाची नव्वदी ओलांडल्यावर पित्यास पुन्हा दफन केले आणि २०१९ साली तिचाही मृत्यू झाला. स्वतःच्या देशात वडिलांची हाडे मिळवण्यासाठी तिला परदेशातील न्यायासनाकडे जावे लागले.

अखेर १९ ऑक्टोबर २०२२ च्या ‘लोकशाही स्मृती’च्या कायद्याने ते निवाडे रद्दबातल ठरवले आणि बेपत्ता व्यक्तींचा शोध घेणे ही राज्याची जबाबदारी मानली. बास्क, कातालान आणि गालिसियन भाषांचे व संस्कृतींचे दमन हाही अन्यायाचाच एक भाग असल्याचे त्या कायद्याने मान्य केले. त्याआधी, २४ ऑक्टोबर २०१९ रोजी, फ्रँको यांचे अवशेष त्यांच्या भव्य स्मारकातून हलवण्यात आले होते. त्या स्मारकात ३३,००० हून अधिक मृत ठेवलेले आहेत आणि त्यांतील अनेकांना कुटुंबीयांच्या संमतीवाचून तेथे नेण्यात आले होते.

या साऱ्यास विरोध करणारे म्हणतात की, जुन्या जखमा कशाला उघडायच्या? २०२४ साली आरागोन प्रांताने आपला स्मृतिविषयक कायदाच मागे घेतला. या आक्षेपात काहीच तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. स्मृतीचे राजकारण होऊ शकते आणि स्पेनमध्ये ते झालेही आहे. परंतु जखम भरली आहे की नाही हे ज्याला ती झाली त्याने सांगायचे असते. एका पक्षाचे मृत सन्मानाने पुरले गेल्यावर दुसऱ्या पक्षास विस्मरणाचा उपदेश करणे हा समान न्याय नव्हे.

या युद्धाशी भारताचा संबंध अगदीच परका नव्हता. १९३८च्या जूनमध्ये पंडित नेहरू कृष्ण मेनन यांच्यासह बाँबवर्षावाखालील बार्सिलोनास जाऊन आले होते. तेच बार्सिलोना सात महिन्यांनी पडले आणि तेथील दप्तरे सालामांकाकडे रवाना झाली. १९ सप्टेंबर २०२३ रोजी स्पेनच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात प्रथमच कातालान, बास्क आणि गालिसियन भाषांत अनुवादासह पूर्ण भाषणे होऊ लागली. १९३८ पासून मोजल्यास त्यास ८५ वर्षे लागली.

आपल्या सीमाभागाचा प्रश्न आणि स्पेनचे रक्तरंजित युद्ध यांची बरोबरी आम्ही करत नाही. तशी ती करणे त्या मृतांवर अन्याय होईल. मात्र एक धडा आपल्या उपयोगाचा आहे. स्पेनमधील वारसांना अखेर जो न्याय मिळाला, तो ज्यांनी जुनी पत्रे, जन्मदाखले, छायाचित्रे आणि गावच्या नोंदी घरात जपून ठेवल्या, त्यांच्या पुराव्यावर मिळाला. वडिलांचे नाव ज्या भाषेत लिहिले गेले, त्या भाषेतील कागद ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत. साठ वर्षांनी कोणते न्यायालय ते मागेल, हे आज कोणासही सांगता येत नाही.