शिक्षेविरुद्ध अपील, इंग्लंडमधील

दोषसिद्धी कायम असतानाही केवळ शिक्षा कमी व्हावी, म्हणून वरिष्ठ न्यायालयाकडे मागितलेली दाद. इंग्लंडमध्ये १९०७ पूर्वी असा सर्वसाधारण हक्क नव्हता. राजाची दया हाच काय तो आधार. ॲडॉल्फ बेक हा निरपराध इसम ओळख पटविण्यातील चुकीमुळे १८९६ व १९०४ असा दोनदा दोषी ठरला. त्यावरून माजलेल्या लोकक्षोभानंतर फौजदारी अपील न्यायालय स्थापणारा १९०७ चा अधिनियम संमत झाला. निरपराध्याच्या रक्षणासाठी आलेल्या या अधिनियमाने शिक्षेविरुद्धही दाद मागता आली. परंतु ती धोक्याची होती. न्यायालय शिक्षा वाढवूही शकत असे. हा अधिकार १९६६ मध्ये काढून घेण्यात आला.

१९६८ च्या अधिनियमानुसार एखाद्या आरोपावरील शिक्षा बदलता येते, मात्र एकंदरीत अपीलकर्त्यास मूळच्याहून कठोर वागणूक मिळता कामा नये. बेकायदा बंदूक बाळगणे व तिने कोणास जखमी करणे, या दोन गुन्ह्यांच्या शिक्षा एकाच वेळी भोगावयाच्या की एकीमागून एक, या वादात ही मर्यादा महत्त्वाची ठरते. बंदुकीच्या गुन्ह्यांसाठी लॉर्ड बिंगम यांच्या न्यायपीठाने १९९७ मध्ये चार प्रश्न घालून दिले : शस्त्र कोणत्या प्रकारचे, त्याचा उपयोग कसा केला, हेतू कोणता आणि आरोपीचा पूर्वेतिहास काय. निराधार अपील करणाऱ्याचे तुरुंगातील काही दिवस शिक्षेत न धरण्याचा आदेश मात्र न्यायालय देऊ शकते. शिवाय १९८८ च्या अधिनियमाने गंभीर गुन्ह्यांतील अवाजवी सौम्य शिक्षा वाढवून मागण्याची मुभा महान्यायवाद्यास मिळाली.