‘संपूर्ण’ या शब्दाचा इतिहास: एकच चित्रपट पुन्हा पुन्हा का विकत घ्यावा लागतो?

१/
‘शोले’च्या शेवटी गब्बरसिंगाचे काय होते? काहींच्या स्मरणात ऐन वेळी पोलीस येतात आणि ठाकूर त्याला कायद्याच्या स्वाधीन करतो. काहींनी मात्र ठाकुराच्या खिळ्यांच्या बुटांखाली गब्बर मरताना पाहिला आहे. दोघेही खरे बोलतात; त्यांनी पाहिलेल्या आवृत्त्या निराळ्या होत्या. घरी पाहण्याच्या कॅसेट आणि तबकड्यांवर हा चित्रपट वेष्टन बदलून अनेकदा आला. आत नेमका कोणता ‘शोले’ आहे, हे मात्र वेष्टनावरून क्वचितच कळे. हा धागा त्या आवृत्त्यांचा, आणि परभणीसारख्या जिल्ह्याच्या वाट्याला त्यांतले काय आले त्याचा.

२/
मूळ कथा आणीबाणीतली आहे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली आणि १५ ऑगस्टला ‘शोले’ प्रदर्शित झाला. माजी पोलीस अधिकारी स्वतःच्या पायांनी दरोडेखोराला ठार करतो, हा शेवट सेन्सॉरला मान्य नव्हता. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांना तो पुन्हा चित्रित करावा लागला. इमामसाहेबांच्या मुलाच्या हत्येच्या प्रसंगालाही कात्री लागली. ती भूमिका सचिन पिळगावकर यांची. २०४ मिनिटांचा चित्रपट १९८ मिनिटांचा होऊन पडद्यावर आला. पुढची पंधरा वर्षे प्रेक्षकांना एवढाच ‘शोले’ ठाऊक होता.

३/
परभणीपर्यंत चित्रपट पोहोचे तो ‘निजाम’ नावाच्या वाटेने. हिंदी चित्रपटांच्या वितरणासाठी देशाचे जे विभाग पाडले गेले, त्यांत मराठवाड्याचे जिल्हे मुंबई विभागात येत नाहीत; ते हैदराबादकेंद्री ‘निजाम’ विभागात मोडतात. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. चित्रपट व्यवसायाच्या नकाशावरची जुनी सीमा मात्र पुसली गेली नाही. राज्ये बदलली तरी व्यापाराच्या वाटा बदलायला वेळ लागतो, याचे हे एक साधे उदाहरण.

४/
या वाटेवर लहान गावांचा क्रम शेवटचा असे. प्रती मोजक्या असत. त्या आधी मोठ्या शहरांत चालत आणि मग जिल्ह्यांकडे व तालुक्यांकडे सरकत. दरम्यान फिल्मवर ओरखडे उठत, तुटलेले तुकडे चिकटवताना चौकटी गळत. ‘शोले’च्या ७० मिमी प्रतीसाठी लागणारे प्रक्षेपक मोजक्याच मोठ्या चित्रपटगृहांत होते, बाकी ठिकाणी ३५ मिमीची प्रत चाले. म्हणजे घरगुती व्हिडिओ येण्याआधीच एका चित्रपटाची अनेक रूपे अस्तित्वात होती. त्यांच्यावर आवृत्तीचा क्रमांक तेवढा नव्हता.

५/
१९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हीसीआरचे युग सुरू झाले. यंत्र विकत घेणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होते, म्हणून ते भाड्याने आणले जाई. गणेशोत्सवात किंवा लग्नघरी रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट आणून रात्र जागवण्याची रीत महाराष्ट्रातल्या गावोगावी रुजली. कॅसेट कुणी काढली, कोणत्या प्रतीवरून काढली, हे विचारण्याचा प्रश्नच नव्हता. नक्कलेची नक्कल होत होत चित्र धूसर होई आणि गाणी अर्ध्यावर तुटत.

६/
या चोरट्या बाजाराला आळा घालण्यासाठी १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. नव्या कलम ५२-अ नुसार व्हिडिओ कॅसेटवर सेन्सॉर प्रमाणपत्राची नक्कल, कॅसेट काढणाऱ्याचे नाव-पत्ता आणि हक्कधारकाचे नाव-पत्ता देणे बंधनकारक झाले. मालकी कुणाची, हे ग्राहकाला कळू लागले. चित्रपट कोणत्या प्रतीवरून घेतला, चौकट छाटली का, प्रसंग गाळले का, हे सांगण्याचे बंधन मात्र नव्हते. मालकाच्या हक्काची नोंद झाली. प्रेक्षकाच्या हक्काची राहून गेली.

७/
१९९० मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या व्हीएचएस कॅसेटवर ‘शोले’चा मूळ शेवट प्रथमच लोकांसमोर आला. पुढे डीव्हीडीवर दोन निराळ्या आवृत्त्या निघाल्या. एक २०४ मिनिटांची, मूळ शेवट असलेली, पण जवळजवळ चौकोनी चौकटीत. दुसरी रुंद पडद्याच्या चौकटीत, पण सेन्सॉरने कापलेली, १९८ मिनिटांची. एकीत शेवट होता, दुसरीत चौकट. दोन्ही हव्या असणाऱ्याने दोन तबकड्या घ्यायच्या, आणि तरीही मूळ शेवट रुंद पडद्यावर पाहायला मिळणार नाहीच.

८/
चौकटीचा मुद्दा किरकोळ नाही. ‘शोले’चे छायाचित्रण ३५ मिमी फिल्मवर झाले आणि त्यावरून ७० मिमीच्या प्रती तयार केल्या गेल्या. त्या पडद्यावर रुंदी उंचीच्या २.२ पट असे. जुन्या टीव्हीच्या चौकटीतील आवृत्तीत वर-खाली अधिक चित्र दिसते, म्हणून ती ‘पूर्ण’ वाटते. परंतु पडद्यावर तो भाग दिसावा अशी योजनाच नव्हती. अधिक दिसणे आणि मूळ दिसणे यांतला फरक इतिहासाच्या विद्यार्थ्याने ओळखायला हवा.

९/
आता एक गंमत. भारतातील टीव्ही ‘पाल’ पद्धतीचे होते. फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी चालते, पाल व्हिडिओ २५ चौकटींनी. त्यामुळे एकही प्रसंग न कापता चित्रपट सुमारे ४ टक्क्यांनी आखूड होतो. या हिशेबाने २०४ मिनिटांचा अखंड ‘शोले’ पाल कॅसेटवर सुमारे १९६ मिनिटांत संपेल, म्हणजे कापलेल्या १९८ मिनिटांच्या आवृत्तीपेक्षाही आधी! वेष्टनावरची मिनिटे पाहून ‘हा कापलेला’ असा निवाडा देणारा इथे हमखास फसतो. पुरावा कोणत्या मापाने मोजला गेला, हे आधी विचारावे लागते.

१०/
मग व्हीसीडी आली. एका तबकडीवर ७४ ते ८० मिनिटांचे चित्र मावे. तीन तासांच्या चित्रपटाला तीन तबकड्या लागत. दोनांतच बसवायचे तर कात्री गाण्यांवर चाले. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली आणि बाजार हादरला. लहान गावांतल्या प्रेक्षकाला अधिकृत प्रत प्रथमच परवडू लागली, हे त्या स्वस्ताईचे श्रेय निर्विवाद. त्याच काळात एका डीव्हीडीवर तीन-तीन चित्रपट कोंबलेले संचही आले. ४.७ गिगाबाइटच्या जागेत नऊ तासांचे चित्र भरले की चेहऱ्यांचे ठिपके होतात.

११/
हाच चित्रपट पुन्हा पुन्हा का निघे? कारण हक्कांच्या रचनेत आहे. चित्रपटगृहांचे हक्क विभागवार विकले जात. व्हिडिओचे हक्क ठरावीक मुदतीसाठी आणि माध्यमानुसार. मुदत संपली की नवी कंपनी, नवे वेष्टन. माध्यम बदलले की पुन्हा नवा करार. १९६२ मध्ये मुंबईत पुस्तकांचे फिरते वाचनालय म्हणून सुरू झालेली शेमारू १९७९ मध्ये व्हिडिओ भाड्याने देण्याकडे आणि १९८७ मध्ये वितरणाकडे वळली. वाचनालयातले पुस्तक शंभर वाचकांच्या हातून जाऊनही तेच राहते. व्हिडिओत दर काही वर्षांनी ‘पुस्तक’च नवे घ्यावे लागे.

१२/
नव्या आवृत्तीत काही वेळा जुनी गिळली जाते. १९६० चा ‘मुगल-ए-आझम’ बहुतांशी कृष्णधवल होता; मोजका भाग रंगीत होता. त्यामुळे शीशमहालातले गाणे एकाएकी रंगांत उजळे आणि प्रेक्षक दिपून जाई. नोव्हेंबर २००४ मध्ये संपूर्ण चित्रपट रंगवून प्रदर्शित झाला. १९७ मिनिटांचा चित्रपट तेव्हा १७७ मिनिटांचा झाला. नव्या पिढीला भव्य पडद्यावर तो पाहता आला, हे खरेच. पण सगळेच रंगीत झाल्यावर त्या एका गाण्याचा दिपवणारा धक्का उरला नाही.

१३/
हा त्रागा भारतापुरता नाही. जॉर्ज लुकास यांनी १९९७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ची विशेष आवृत्ती काढली, नवी दृश्ये घातली आणि पुढेही बदल चालू ठेवले. १९७७ चे मूळ रूप २००६ मध्ये डीव्हीडीवर आले, पण पुरवणीच्या मानाने, १९९३ च्या लेझर डिस्कसाठी केलेल्या जुन्या मुद्रेवरून. याच लुकास यांनी १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर जुन्या चित्रपटांत फेरफार करण्याविरुद्ध साक्ष दिली होती. कलाकृती कर्त्याची की ती मनात जपणाऱ्यांची, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही.

१४/
मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नसावा. परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. त्यांचे अभंग नामदेव गाथेच्या अंगाने टिकले, आणि जनीच्या नाममुद्रेचे सगळेच अभंग एका हातचे नसावेत, असे अभ्यासक मानत आले आहेत. म्हणून संपादक कोणती पोथी घेतली ते सांगतो आणि पाठभेद तळटीपेत देतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. पुढे कुणी तीत स्वतःची ओवी घालू नये, अशी तंबीही दिली. तरी १९०९ मध्ये वि. का. राजवाडे यांना एकनाथपूर्व पोथीवरून ज्ञानेश्वरी छापावीशी वाटली. शुद्ध प्रत हाती असली तरी जुन्या प्रतीची गरज संपत नाही.

१५/
चित्रपटाच्या बाबतीतही असे संपादन अशक्य नाही. ‘ब्लेड रनर’ १९८२ मध्ये आला, १९९२ मध्ये दिग्दर्शकाची आवृत्ती निघाली आणि २००७ मध्ये अंतिम आवृत्ती. त्याच वर्षी निघालेल्या पाच तबकड्यांच्या संचात चित्रपटाची पाच रूपे एकत्र दिली गेली. आवृत्त्या अनेक असल्या म्हणून कुणी रागावत नाही. राग येतो तो एक रूप दडवून दुसरे ‘खरे’ म्हणून विकले जाते तेव्हा.

१६/
दुसऱ्या टोकाला ज्यांची एकही आवृत्ती धड उरली नाही असे चित्रपट आहेत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची चारांपैकी पहिली व शेवटची रिळे पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. तीही १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. जानेवारी २००३ मध्ये याच संग्रहालयाच्या पुण्यातील साठ्याला आग लागली आणि सहाशेहून अधिक चित्रपटांची नायट्रेट रिळे जळाली. जे खपते त्याच्या दहा आवृत्त्या आणि जे खपत नाही त्याची राख, हा बाजाराचा हिशेब आहे. इतिहासाला तो परवडत नाही.

१७/
‘शोले’ची गोष्ट सुदैवाने पुढे सरकली. जानेवारी २०१४ मध्ये त्रिमिती रूप आले. त्यानंतर फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्ससह पुनरुज्जीवन हाती घेतले. मूळ निगेटिव्ह फार खराब झाली होती. लंडन आणि मुंबईत सापडलेल्या रिळांतून काम उभे राहिले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात मूळ शेवट आणि ७० मिमीची चौकट एकाच पडद्यावर दिसली. १२ डिसेंबर २०२५ ला ही आवृत्ती भारतातील चित्रपटगृहांत आली. मूळ शेवट आणि मूळ चौकट यांची गाठ पडायला पन्नास वर्षे लागली.

१८/
तरीही १९७५ ची कापलेली आवृत्ती फेकून देण्याजोगी नाही. आणीबाणीतल्या सेन्सॉरने काय सहन केले नाही, याचा तो दस्तऐवज आहे. आणि परभणीसह अवघ्या देशाने मोठ्या पडद्यावर पाहिलेला ‘शोले’ तोच आहे. पुनरुज्जीवित आवृत्ती कर्त्यांच्या मनातला चित्रपट दाखवते, कापलेली आवृत्ती लोकांच्या वाट्याला आलेला. इतिहासाला दोन्ही लागतात.

१९/
घरात जुनी कॅसेट किंवा तबकडी असेल, तर ती भंगारात देण्याआधी सुरुवातीचे सेन्सॉर प्रमाणपत्र थांबवून वाचावे. लांबी मीटरमध्ये दिली असेल तर ३५ मिमी फिल्मचा हिशेब मिनिटाला सुमारे २७.४ मीटर असा आहे. पालच्या वेगाने हे माप बदलत नाही. १९८३ च्या नियमांनुसार खालच्या डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असेल, तर कात्री लागली आहे. तारीख, कंपनी, लांबी आणि शेवटचा प्रसंग अशा चार ओळी वहीत टिपल्या, तरी त्या आवृत्तीचा पाठभेद नोंदला जातो. विकणाऱ्याने न लिहिलेली प्रस्तावना पाहणाऱ्यालाही लिहिता येते.