तोडल्यानंतरची वर्षं : मालवण किनाऱ्यावरच्या लाकडाची गोष्ट

सिंधुदुर्ग किल्ल्याविषयी बोलताना आपण दगड, चुना आणि शिसं यांवरच थांबतो. १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर हा किल्ला उभा राहिला, त्याचे दगड आजही लाटा झेलतायत. पण ज्या आरमारासाठी हा खटाटोप झाला, ते लाकडाचं होतं. म्हणून आज लाकडाकडे बघू. तेही झाड पडल्यापासून सुताराचा रंधा लागेपर्यंतच्या काळाकडे.

रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातलं. आरमाराला लागणारा साग वगैरे हुजूरच्या परवानगीने तोडावा, जास्त लागेल ते परमुलखातून विकत आणावं, असं त्यात सांगितलंय. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदीच जीर्ण झालं, तर धन्याला राजी करून, पैसे देऊन न्यावं. आज्ञापत्र झाडाच्या वाढीची वर्षं मोजतं. तोडल्यानंतरची वर्षं सुताराने मोजायची.

ती का मोजायची? ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. पेशींच्या पोकळीतलं आधी निघून जातं, तेव्हा फळी हलकी होते पण आकसत नाही. ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली आला, की पेशींच्या भिंतींतलं पाणी जाऊ लागतं, आणि मग फळी आकसते, पिळते, टोकाला फाटते. इंचभर जाडीला वर्षभर सावलीत, हा जुना ठोकताळा. शिवाय फळ्यांमध्ये पट्ट्या घालून वारा खेळता ठेवायचा, आणि टोकांना शेण नाहीतर रंग लावायचा, कारण पाणी टोकांतून फार वेगाने पळतं.

घाई केली की काय होतं, हे ब्रिटिश आरमाराने पाहिलं. १८१० साली पाण्यात उतरलेलं ‘क्वीन शार्लट’ मोहिमेवर जाण्याआधीच कुजलं. त्याउलट ‘ट्रिंकोमाली’ ही मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेली १८१७ सालची युद्धनौका. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. साग मुळातच टिकाऊ, हे खरं. पण त्याच्या बाबतीतही लोक थांबायचे. ब्रह्मदेशात सागाच्या बुंध्याभोवती साल आणि खालची पांढरी कड कापून झाड दोन-तीन वर्षं उभंच वाळू देत. कारण ओला साग पाण्यात बुडतो, नदीतून वाहून नेता येत नाही.

आता आपल्या किनाऱ्यावरची खरी अडचण. होडीची फळी पाण्यातच राहते, फुगते, आणि त्या फुगण्याने सांधे घट्ट होतात. उन्हाळाभर वाळूवर ओढून ठेवलेली होडी पाण्यात ढकलली की आधी गळते, ते यामुळेच. कपाटाचं गणित नेमकं उलटं. एकच सुतार दोन्ही कामं करत असेल, तर त्याला दोन प्रकारचा धीर हवा.

आणि मालवणात लाकूड कितीही दिवस ठेवा, हवा दमट असली की फळी पंधरा-सोळा टक्क्यांवर येऊन थांबते. ती इथे स्थिर असते. तेच कपाट लेकीच्या संसारासाठी घाट चढून सोलापूरला गेलं, तर तिथल्या उन्हाळ्यात ओलावा सात-आठ टक्क्यांवर उतरतो. सागाची फुटभर रुंद, आडवी चिरलेली फळी तेवढ्यात चार मिलिमीटरच्या आसपास आकसते. इतर बरीच लाकडं याहून जास्त. मग लोक म्हणतात, सुताराने फसवलं! भारतीय मानकांनीही म्हणूनच हवेच्या दमटपणानुसार देशाचे चार विभाग केलेत, आणि प्रत्येकाला लाकडाचा ओलावा वेगळा ठरवलाय.

जुन्या घरांतली दारं जरूर बघा. चौकटीला खाच पाडून मधली फळी त्यात मोकळी बसवलेली असते, खिळा नाही की सरस नाही. पावसाळ्यात ती फुगते, मार्चमध्ये आखडते, चौकट मात्र जागची हलत नाही. मला हा या साऱ्या इतिहासातला सगळ्यात शहाणा शोध वाटतो, आणि त्याचा शोधक कोण, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.

हल्ली गिरणीतून सकाळी चिरून आणलेल्या फळ्यांचं दिवाळीपर्यंत कपाट हवं असतं. तुमच्यावर ती वेळ आली, तर निदान एक करा. फळीच्या मधल्या भागातून हातभर तुकडा कापा, टोकांना रंग लावा, त्याच थप्पीत ठेवा आणि दर आठवड्याला काट्यावर तोला. वजन उतरतंय तोवर सुताराला बोलावू नका.